पक्षी किती उरले ते मोजतो, पण ते खातात काय तेही लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रपक्षी कमी होतायत अशी बातमी आपल्या मराठी पेपरांत अधूनमधून येते, त्यात टक्केवारी असते, एखादा छान फोटो असतो आणि शेवटी "हवामान बदल आणि प्रदूषण" एवढं कारण देऊन बातमी संपते. हे कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण पाणी एखाद्या डिग्रीने तापलं तर कड्यावर बसलेला पक्षी नेमका मरतो कशाने, हे कुणी सांगतच नाही. तो उन्हाने मरत नाही हो. बऱ्याच वेळा तो किंवा त्याचं पिल्लू उपाशी मरतं, आणि तेही समुद्रात मासे असताना मरतं, कारण जे मासे आहेत ते त्याला पकडता येत नाहीत, किंवा पकडता येतात पण त्यांच्यात दम नसतो, किंवा पिल्लं अंड्यातून बाहेर यायच्या वेळी ते मासे तिथे नसतात. हे मला नीट मांडायचं होतं म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, जमलं तर काटछाट न करता छापा ही विनंती.

आधी आवाका किती आहे तो बघा. जगभरात समुद्रपक्ष्यांच्या ज्या वसाहतींवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं त्यांचा हिशेब 2015 मधे एका अभ्यासात मांडला होता, 1950 ते 2010 या साठ वर्षांत त्या पक्ष्यांची संख्या जवळपास 70 टक्क्यांनी घटलेली निघाली. याला कारणं भरपूर आहेत, बेटांवर माणसाबरोबर पोचलेले उंदीर आणि मांजरं आहेत, लाँगलाइनच्या, म्हणजे असंख्य गळ लावलेल्या लांब दोरीच्या, गळाला लागून मरणारे अल्बट्रॉस आहेत, पोटात साठणारं प्लास्टिक आहे, आणि गेल्या काही वर्षांत बर्ड फ्लूने गॅनेट आणि स्कुआ या समुद्रपक्ष्यांची जी वाताहत केली ती तर भयंकर होती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण खाण्याचा प्रश्न सगळ्यात कमी बोलला जातो, कारण उपासमार दिसत नाही. जाळ्यात मेलेला पक्षी दिसतो, तेलाने माखलेला दिसतो, पण ज्या घरट्यात यंदा पिल्लूच वाचलं नाही ते घरटं फक्त रिकामं दिसतं.

याचा सगळ्यात नीट अभ्यास नॉर्थ सीमधे, म्हणजे ब्रिटन आणि डेन्मार्कच्या मधल्या समुद्रात, झालाय म्हणून तिथूनच सांगतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर आईल ऑफ मे नावाचं छोटंसं बेट आहे. तिथे 1973 पासून शास्त्रज्ञ दर उन्हाळ्यात पक्ष्यांच्या मागे आहेत, आणि ते नुसती घरटी मोजत नाहीत, तर कुठला पक्षी पिल्लासाठी कुठला मासा घेऊन आला, तो केवढा होता, पक्ष्याने ओकून टाकलं तर त्यात काय निघालं हे सगळं लिहून ठेवतात. इतक्या वर्षांची ही वही आहे म्हणून आज आपल्याला कळतंय की तिथे नेमकं काय बिघडलं.

तिथला कळीचा मासा म्हणजे सँडईल. बोटभर लांब, चंदेरी, सडपातळ, दिसायला ईलसारखा पण ईल नव्हे. हा मासा जाड वाळूत स्वतःला पुरून घेतो, अख्खी थंडी जवळजवळ वाळूतच काढतो आणि वसंतात वर येऊन समुद्रातले बारीक प्लँक्टन खातो. याच्या अंगात चरबी चांगली असते, आकार पिल्लाच्या घशात जाईल असा असतो आणि तो मोठ्या थव्याने फिरतो, म्हणजे पक्ष्याला अजून काय हवं. किटिवेक (एक कुरव), पफिन, आर्क्टिक सुरय (टर्न), रेझरबिल, गिलेमॉट, शॅग, तिथल्या या सगळ्या समुद्रपक्ष्यांची वीण कमीजास्त प्रमाणात याच एका माशावर उभी राहिलेली. एप्रिल-मेमधे किटिवेक आदल्या वर्षीचे मोठे सँडईल खातात आणि स्वतःला अंड्यांसाठी तयार करतात, मग जूनमधे पिल्लं बाहेर येईपर्यंत ते मोठे मासे परत वाळूत गेलेले असतात आणि त्या वर्षी जन्मलेले छोटे सँडईल वर आलेले असतात, त्यावर पिल्लं वाढतात. म्हणजे एकाच माशाच्या दोन पिढ्या, एक आईबापासाठी आणि एक पिल्लासाठी, आणि दोन्ही आपापल्या वेळेवरच यायला पाहिजेत.

आता तापमानाचा संबंध इथे येतो. सँडईल ज्यावर वाढतो त्या प्लँक्टनमधे कॅलॅनस नावाचे बारीक कवचधारी जीव फार महत्त्वाचे. त्यातली थंड पाण्याची एक जात चरबीने भरलेली असते आणि वसंतात भरपूर येते, तर दुसरी जरा कोमट पाण्यातली, ती उशिरा येते. नॉर्थ सी तापत गेला तशी पहिली उत्तरेकडे सरकली आणि दुसरी तिच्या जागी आली. मग सँडईल वाढतो हळू, त्याच वयाचा मासा पूर्वीपेक्षा लहान भरतो, आणि पिल्लांना गरज असते त्या आठवड्यांत तो पुरेसा मोठा झालेलाच नसतो. तापमान वाढलं आणि पक्षी कमी झाले या दोन वाक्यांच्या मधे हे एवढं सगळं आहे. पेपरवाले हे मधलं गाळून टाकतात आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की आपण यात काय करणार, पृथ्वी तापतेय तर तापतेय.

पण सगळे पक्षी सारखे मार खात नाहीत आणि मला वाटतं मुद्द्याचा गाभा हाच आहे. 2000 साली रॉबर्ट फर्नेस आणि मार्क टास्कर या दोघांनी नॉर्थ सीमधल्या पक्ष्यांची तपासणी केली, सँडईल कमी झाले तर आधी कोण कोसळणार याची. त्यांनी प्रश्न विचारले ते अगदी साधे. पक्षी आकाराने लहान आहे का, तो बुडी मारू शकतो की फक्त वरवरचं खातो, घरट्यापासून किती लांब जाऊ शकतो, दिवसभरात त्याच्याकडे जास्तीचा वेळ उरतो का, एक मासा नाही मिळाला तर दुसऱ्यावर जाऊ शकतो का. या परीक्षेत सुरय आणि किटिवेक सगळ्यात कमकुवत ठरले. किटिवेक हा दिसायला साधा राखाडी-पांढरा कुरव, पण बाकीच्या कुरवांसारखा तो कचऱ्यावर जात नाही, शेतात जात नाही, हा खरा समुद्राचा कुरव, आणि तो फक्त पाण्याच्या वरच्या मीटरभर थरातलं खाऊ शकतो. मासा दोन मीटर खाली गेला की त्याच्यासाठी तो संपला. उलट शॅग बघा, तो पाणकावळ्याच्या घराण्यातला, तळापर्यंत बुडी मारतो, आणि आईल ऑफ मेच्या नोंदींमधे दिसतं की 1980 च्या दशकात तोही जवळजवळ फक्त सँडईलच आणायचा, पण पुढे सँडईलचा वाटा घसरत गेला तसा तो तळाचे वेगवेगळे मासे आणायला लागला. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत, वादळी हिवाळ्यात तो मरतो. पण ताटात काय वाढलंय ते बदललं तर त्याला थोडं जमवून घेता येतं, किटिवेकला येत नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर 1980 च्या दशकात आर्क्टिक सुरयांची वीण लागोपाठ अनेक वर्षं फसली, हजारो जोड्या अंडी घालायच्या आणि पिल्लं वाढायचीच नाहीत. तिथली सँडईलची मासेमारी शेवटी 1990 च्या सुमारास बंद केली. यात मासेमारीचा दोष किती आणि दक्षिणेकडून प्रवाहाबरोबर वाहत येणारी सँडईलची पिल्लं त्या वर्षांत आलीच नाहीत याचा किती, यावर शास्त्रज्ञांमधे वाद झाला आणि दुसऱ्या कारणाकडे बराच पुरावा गेला. हे मुद्दाम लिहितोय, कारण दर वेळी मच्छीमाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं ही सवय मला पटत नाही.

मग 2004 उजाडलं. त्या उन्हाळ्यात नॉर्थ सीच्या कड्यांवर पक्ष्यांची वीण इतकी वाईट गेली की पूर्वीच्या नोंदींमधे तोड नव्हती. आणि आईल ऑफ मेवर एक विचित्र गोष्ट दिसली, गिलेमॉट मासे आणत होते! रिकाम्या चोचीने येत नव्हते, घरट्याकडे फेऱ्या चालू होत्या, तरी पिल्लं भरत नव्हती. मग शास्त्रज्ञांनी ते मासे लॅबमधे तपासले आणि कळलं की स्प्रॅट (हाही एक छोटा मासा) आणि सँडईल दोन्हींमधे त्या लांबीच्या माशात जेवढी ऊर्जा असायला पाहिजे त्याच्यापेक्षा खूपच कमी होती, आतून पोकळ झालेले मासे म्हणा. गिलेमॉट एका वेळी एकच मासा आणतो, चोचीत लांबट धरून, कधी कधी कित्येक किलोमीटरवरून. पफिन एका फेरीत दहा-बारा आणू शकतो, गिलेमॉट एकच. तो एक मासा जर असा निघाला तर आईबापाने उडायचं तरी किती? माणसाच्या मुलाला दिवसभर नुसते चुरमुरे दिले तर त्याचं पोट भरलेलं दिसेल पण अंग धरणार नाही, तसंच हे.

त्याच सुमारास समुद्रात स्नेक पाइपफिश नावाचा मासा अचानक प्रचंड वाढला. लांबलचक, काठीसारखा कडक, अंगात मांस नाही चरबी नाही, नुसतं हाड आणि कातडं. सँडईल मिळेनात म्हणून पक्ष्यांनी तो पिल्लांसाठी आणायला सुरुवात केली, आणि घरट्यांत हे मासे तसेच पडलेले सापडायला लागले, काही पिल्लं तो गिळताना घशात अडकून गुदमरून मेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचवेना. आई पूर्ण प्रयत्न करून काहीतरी आणतेय आणि जे आणतेय त्यानेच पिल्लू मरतंय.

अजून एक सांगतो आणि मग मासेमारीवर येतो. गिलेमॉट एकमेकांना चिकटून बसतात, कड्याच्या अरुंद फळीवर शेकडो, आणि नियम असा की आईबापातलं एक जण कायम पिल्लाजवळ. 2007 मधे खाणं इतकं कमी होतं की दोघांनाही एकाच वेळी समुद्रावर जावं लागलं आणि पिल्लं एकटी राहिली. मग शेजारच्याच गिलेमॉटांनी त्या एकट्या पिल्लांवर हल्ले केले, चोची मारल्या, कड्यावरून खाली टाकलं, आणि त्या वर्षी पिल्लं मरण्याचं ते एक मोठं कारण ठरलं. म्हणजे नुसती नोंद बघणाऱ्याने "शेजाऱ्याने मारलं" असं लिहिलं असतं. त्याच्या मागे भूक होती हे कळायला चोचीत काय येतंय तेही बघावं लागतं.

आता मासेमारी. सँडईल माणूस खात नाही. त्याचं फिशमील आणि तेल होतं आणि ते सामन माशाच्या, डुकरांच्या, कोंबड्यांच्या खाद्यात जातं. ही मासेमारी मुख्यतः डेन्मार्कची, आणि 1990 च्या दशकात एखाद्या वर्षी नॉर्थ सीमधून 10 लाख टनांपर्यंत सँडईल काढले गेलेत. आईल ऑफ मेच्या जवळच्या वाळूच्या पट्ट्यांवर 1990 च्या दशकात ही मासेमारी चालू होती तेव्हा तिथल्या किटिवेकची पिल्लंही कमी जगायची आणि मोठे पक्षीही जास्त मरायचे, आणि हिवाळ्यातलं पाणी कोमट असेल तर त्यात आणखी भर. 2000 मधे तो भाग बंद केला, त्यानंतर किटिवेकची वीण काही प्रमाणात सुधारली, पूर्ण नाही, कारण पाणी तापतच होतं. पण हेच महत्त्वाचं आहे ना! दोन भार होते, त्यातला एक आपल्या हातात होता, तो उतरवला तर फरक पडला.

तरी संकट टळलेलं नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधली 2015 ते 2021 ची मोठी गणती बघितली तर आधीच्या गणतीच्या मानाने किटिवेक 40 टक्क्यांहून जास्त कमी झालेत, आणि 2017 पासून धोक्यातल्या जातींच्या जागतिक रेड लिस्टमधे तो असुरक्षित (व्हल्नरेबल) गटात आहे. शेवटी 2024 च्या वसंतात ब्रिटनने नॉर्थ सीच्या इंग्लंडकडच्या पाण्यात आणि स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात सँडईलची मासेमारी बंद केली. युरोपियन युनियनने डेन्मार्कच्या बाजूने तक्रार केली, प्रकरण हेगच्या लवादात गेलं. 2025 मधे निकाल आला, त्यात बंदीमागचं शास्त्र ग्राह्य धरलं, स्कॉटलंडचा निर्णय टिकला, आणि इंग्लंडच्या बाबतीत मात्र दुसऱ्या देशाच्या मच्छीमारांच्या हक्काचा तोल नीट सांभाळला नाही असा ठपका ठेवला. मला हा निकाल दोन्ही अंगांनी बरोबर वाटतो. पक्ष्याच्या जेवणाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय लवादापुढे पुराव्यासकट मांडता आला, तो का मांडता आला, तर पन्नास वर्षं कुणीतरी चोचीतले मासे लिहून ठेवत होतं.

दक्षिण आफ्रिकेत याचीच दुसरी बाजू दिसली. तिथल्या केप गॅनेटचं खरं खाणं म्हणजे तारली आणि अँकोव्ही, दोन्ही तेलकट. हे मासे पूर्वेकडे सरकले आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या गॅनेटला मिळेनासे झाले, पण तिथे ट्रॉलर होते, हेक मासा साफ करून डोकी-आतडी समुद्रात टाकणारे. गॅनेट त्यावर जगायला लागले. 2008 मधे एक अभ्यास आला, त्यात शास्त्रज्ञांनी त्याला सरळ जंक फूडच म्हटलंय. मोठा पक्षी त्यावर तग धरतो, पण पिल्लाला तेच भरवलं तर ते हळू वाढतं आणि बरीच पिल्लं उडण्याआधीच जातात. फेकलेल्या मासळीवर पक्ष्यांचे थवे दिसतात, बघणाऱ्याला वाटतं मजेत आहेत.

त्याच समुद्रातला आफ्रिकन पेंग्विन तर ऑक्टोबर 2024 मधे अतिसंकटग्रस्त यादीत गेला, 10,000 पेक्षाही कमी जोड्या उरल्यात. पेंग्विन पिसं बदलताना साधारण तीन आठवडे पाण्यात जाऊ शकत नाही, किनाऱ्यावर उपाशी उभा राहतो, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर त्याला भरपूर तारली खाऊन चरबी करावी लागते, नाही मिळाली तर पिसं बदलतानाच तो मरतो. शेजारी नामिबियात 1960-70 च्या दशकात तारलीचा साठा मासेमारीने कोसळला आणि पेंग्विनना गोबी नावाच्या कमी ऊर्जेच्या माशावर दिवस काढायची वेळ आली. 2025 मधे दक्षिण आफ्रिकेत कोर्टात तडजोड होऊन सहा मोठ्या वसाहतींभोवतीच्या पाण्यात तारली-अँकोव्ही पकडायला दहा वर्षं मनाई झाली, तेही पक्षीप्रेमी संस्था कोर्टात गेल्या तेव्हा.

अलास्कात 2014 ते 2016 मधे समुद्राचा मोठा पट्टा तापून राहिला आणि कॉमन मर, म्हणजे नॉर्थ सीतला गिलेमॉट तोच हा पक्षी, सुमारे 40 लाख मेले असा अंदाज 2024 मधे आला. अलास्कातले निम्मे. या पक्ष्याला रोज स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं खावं लागतं, चार-पाच दिवसांचा खंडही झेपत नाही. पाणी तापलं तेव्हा छोटे मासे कमी आणि रोडके झाले आणि त्याच वेळी कॉडसारख्या मोठ्या माशांची भूक मात्र गरम पाण्याने वाढली, म्हणजे खाणारे वाढले आणि ताट लहान झालं.

2011 मधे फिलिप क्यूरी आणि सहकाऱ्यांनी सात समुद्रांतल्या 14 जातींची आकडेवारी एकत्र करून एक अंदाज मांडला होता. छोट्या माशांचा साठा त्याच्या भरभराटीच्या काळातल्या एक तृतीयांशाच्या खाली गेला की पक्ष्यांची वीण झपाट्याने खाली येते. याला लोक "एक तृतीयांश पक्ष्यांसाठी" म्हणतात. प्रत्येक समुद्राला हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही, यावर टीकाही झालीय, पण मासेमारीचा कोटा ठरवताना टेबलावर पक्ष्यांचा वाटा नावाचा एक आकडा ठेवला गेला ही मला मोठी गोष्ट वाटते.

आता आपल्याकडे येतो. मी सिंधुदुर्गातला, पक्षी बघायचा नाद जुना. निवतीसमोर समुद्रात वेंगुर्ले रॉक्स आहेत, दीपगृहाची बेटं, तिथे सुरयांची वीण होते हे एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेलं आहे, पक्षीतज्ज्ञ अॅलन ह्यूम तिथे येऊन गेला होता, आणि 1942 मधे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलमधे तिथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला. पाकोळ्यांची घरटी चोरली जायची त्यावर बोललं गेलं, काम झालं, चांगलं झालं. पण सुरय तिथे पिल्लांना काय भरवतात यावर आपण बोललोच नाही. सुरय हा किटिवेकसारखाच, वरच्या थरातला मासा उचलणारा. खोल बुडी त्याला येत नाही. कितीतरी वेळा त्याचा घास कुपा-सुरमईसारखे मोठे मासे खालून छोट्या माशांना वर हाकलतात तेव्हा त्याच्या वाट्याला येतो, आणि म्हणूनच आपले मच्छीमार, लक्षद्वीपचे कुप्यावाले तर नक्कीच, पक्षी घिरट्या घालतायत तिकडे होडी वळवतात. म्हणजे त्याला छोटा मासाही लागतो आणि तो वर आणणारा मोठा मासाही लागतो.

आणि छोट्या माशाचं आपल्याकडे काय चाललंय ते मच्छी बाजारात जाणाऱ्या कुणालाही विचारा. तारलीचंच बघा, केरळात 2012 मधे जवळपास 4 लाख टन मिळाली होती आणि 2021 मधे साडेतीन हजार टनांच्याही आत. मधे एल निनोची वर्षं होती, पिल्लं पकडण्याचा अतिरेक होता, दोन्ही होतं. आपल्या किनाऱ्यावरसुद्धा पर्ससीनची मोठी घेराची जाळी, एलईडी दिवे लावून मासेमारी, बारीक आसाची जाळी यावर पारंपरिक मच्छीमार किती वर्षं ओरडतायत, आणि बारीक मासळीचे ढीग फिशमीलला जातात हे सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्राने 2023 मधे 50 हून जास्त जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्यापेक्षा लहान पकडायचा नाही. नियम चांगला आहे, तो बंदरावर पाळला जातोय का हे बघायला माणसं नेमली पाहिजेत. यात पारंपरिक मच्छीमार आणि सुरय एकाच बाजूला आहेत, हे मला ठासून सांगायचंय, कारण पक्ष्यांबद्दल कुणी बोललं की आमच्याकडे लगेच "मग आम्ही काय खायचं" असं विचारलं जातं. तेल काढून जनावराच्या खाद्यात जाणाऱ्या मासळीबद्दल मी बोलतोय, तुमच्या ताटातल्या तारल्याबद्दल नाही.

गेटवे ते मांडवा फेरीबोटीवर हिवाळ्यात कुरवांना चिप्स, शेव, गाठ्या उडवायची जी हौस चालते तीही बंद व्हायला पाहिजे. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात, परत जायच्या आधी त्यांना अंगावर चरबी आणि स्नायू करायचे असतात, त्यात मीठ-मसाला आणि तळलेलं पीठ कशाला. लोक प्रेमाने करतात हे मान्य, मुलं खूश होतात हेही मान्य, पण बोटीवर एक साधा बोर्ड लावायला आणि खाली उतरताना पाकिटं विकणाऱ्याला समजवायला काय हरकत आहे.

माझी मागणी छोटी आहे. ब्रिटनमधे 2017 मधे आरएसपीबी या संस्थेने लोकांना आवाहन केलं की चोचीत मासे धरलेल्या पफिनचे फोटो आम्हाला पाठवा, 600 वर लोकांनी 1400 च्या आसपास फोटो पाठवले आणि त्यावरून कुठल्या वसाहतीत पिल्लांना मोठे मासे मिळतायत आणि कुठे बारीकसारीक हे शास्त्रज्ञांना दिसलं. त्यात लॅब लागली नाही की जहाज लागलं नाही. आज कोकण किनाऱ्यावर, मुंबईत, गोव्यात लांब लेन्स घेऊन फिरणारे शेकडो लोक आहेत, त्यांच्या हार्ड डिस्कवर मासा धरलेल्या सुरयांचे, कुरवांचे, समुद्री गरुडांचे फोटो पडून आहेत, तारखेसकट. ते एका जागी आले तर तो आपला पहिला डेटा. मासा कुठला हे ओळखायला कुठल्याही बंदरावरची मासळी विकणारी मावशी बसवा, कुणाही एक्स्पर्टपेक्षा लवकर सांगेल, मांदेली आहे की पेडवे आहे की बांगड्याचं पिल्लू आहे.

म्हणून वन विभाग आणि मत्स्य विभाग, दोघांनाही विनंती, पक्षीगणनेच्या फॉर्ममधे "काय खाताना दिसला" असा एक कॉलम वाढवा, आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातल्या मुलांना त्या कामात घ्या. वेंगुर्ले रॉक्सवर विणीच्या दिवसांत कुणी उतरू नये, पक्षी उठले की अंडी उन्हात पडतात, फोटो होडीतूनच काढावेत आणि होडीही लांब ठेवावी. आणि संपादक महोदय, तुमच्या रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा एक चौकट द्या, वाचकांनी पाठवलेला एक फोटो, पक्षी कुठला, चोचीतला मासा कुठला, ठिकाण आणि तारीख. पहिले काही फोटो मी स्वतः पाठवतो, आमच्या इथले अजून बरेच जण पाठवतील, बोलणं झालंय.

आपला नम्र,
एक वाचक, वेंगुर्ले